वॉरंटी सीलच्या आड जुनं हेड निघालं! वाइड फॉरमॅट प्रिंटर घेताय तर आधी हे वाचा

९,२८,५००. बोर्ड-ग्राफिक्स छापायच्या मोठ्या प्रिंटरवर एवढे गेले. त्यात मीडिया (छापायचे रोल), इंक आणि परत आलेल्या कामांचे पैसे धरलेलेच नाहीत, ते धरायला बसलं की डोकं फिरतं म्हणून मी तो हिशोब करणंच सोडून दिलंय. विक्रेत्याचं नाव लिहायला हात शिवशिवतायत पण वकिलांनी सक्त सांगितलंय की केस चालू असेपर्यंत कुठेही नाव टाकायचं नाही, त्यामुळे नुसता विक्रेता म्हणते. पुढचं वाचून लाइनमधल्या लोकांना कळेलच की असा एकच माणूस नाहीये.

आणि "ताई, स्वस्तात बघायला गेलात" असं कोणी म्हणायच्या आधीच सांगते, मशीन स्वस्त नव्हतं. नवीन मशीनचा जो भाव असतो तोच लावला होता, म्हणून तर संशय आला नाही. मी या धंद्यात काल आलेली नाही, रेडियम कटिंगपासून सुरुवात केलीय, ग्लो साइन, एसीपीचे बोर्ड, गाड्यांचे ग्राफिक्स सगळं केलंय, फक्त प्रिंट बाहेरून करून घ्यायचो आणि त्यात मार्जिन पण जायचं आणि दुसऱ्याच्या वेळेवर नाचावं लागायचं. म्हणून घरचं मशीन घ्यायचं ठरलं. सॉल्व्हंट इंकचं १० फुटी मशीन बघितलं, होर्डिंगला उत्तम पण आमची जागा बंदिस्त आणि तो वास दिवसभर कोण सहन करणार. यूव्ही (प्रकाशाने इंक सुकवणारं) बघितलं, सनबोर्ड नि ॲक्रिलिकवर थेट छापता येतं पण गाडीच्या वळणावर व्हिनाईल ताणलं की यूव्हीची इंक तडकते, आणि बजेटच्या बाहेर. लेटेक्सचं प्रिंट निघाल्या निघाल्या लॅमिनेट करता येतं पण हीटरचं वीजबिल वेगळं. सगळा विचार करून ६ फुटी इको सॉल्व्हंट (सॉल्व्हंटपेक्षा सौम्य इंकचं), दोन हेड (इंकचे थेंब फवारणारे भाग), असं पक्कं केलं, लॅमिनेशनच्या आधी प्रिंट दिवसभर मोकळं ठेवावं लागतं तेवढी एक कटकट सोडली तर आमच्या कामाला तेच बरोबर होतं आणि आजही मी तेच म्हणेन. निवड चुकली नाही, माणूस चोर निघाला.

आता हेडबद्दल. लाइनमधल्या सगळ्यांना माहितीय की एक्सपी६०० या स्वस्त हेडला १०८० नोझल (इंकची बारीक छिद्रं) आणि आय३२०० या महाग हेडला ३२०० नोझल, त्यामुळे एक्सपी६०० दाखवून आय३२०० चे पैसे घेणं आता जमत नाही, नोझल चेक (सगळी छिद्रं चालतायत का ते दाखवणारं टेस्ट प्रिंट) काढला की लगेच कळतं. म्हणून यांनी खेळ एक अक्षर पुढे नेलाय. आय३२०० च्या पुढे ए१ असेल तर ते हेड पाण्याच्या इंकसाठी, ई१ असेल तर इको सॉल्व्हंटसाठी आणि यू१ म्हणजे यूव्ही. वरवर बघून ए१ आणि ई१ मधला फरक कळत नाही, लेबल वाचावं लागतं. डीटीएफच्या (फिल्मवर छापून कपड्यावर उतरवायच्या) मशीनमधून काढलेली वापरलेली ए१ हेडं बाजारात फिरतायत, ती धुवून इको सॉल्व्हंटच्या मशीनमध्ये बसवली की चालतात. सुरुवातीला अगदी छान चालतात, आणि तेवढा वेळ यांना पुरतो.

डेमोला गेले तेव्हा मशीन चकाचक, पॅनलवर अजून प्लॅस्टिकची फिल्म चिकटवलेली. सॅम्पल काढलं तर काय सुंदर, चेहऱ्याचा रंग, बारीक अक्षरं, सगळं. (सॅम्पल नेहमी त्यांच्या फाइलचं, त्यांच्या मीडियावर, त्यांच्या प्रोफाइलने (रंगांच्या सेटिंगने) असतं. स्वतःची फाइल आणि स्वतःचा रोल घेऊन जा, त्यात गडद निळ्याचा किंवा राखाडीचा एक मोठा सपाट पट्टा ठेवा, बँडिंग म्हणजे प्रिंटमध्ये पडणारे पट्टे लपवता येत नाहीत.) मी वाकून खाली बघितलं. वेस्ट इंकची बाटली कोरी करकरीत आणि तिच्यात उतरणारी नळी मात्र आतून काळी ठिक्कर. हेड पुसणाऱ्या वायपरच्या रबराला मॅजेन्टाची साय धरलेली, नखाने खरवडली तर पापुद्रा निघाला. मी तिथल्या तिथे विचारलं, हे काय? तर तो हसत म्हणाला, "ताई, फॅक्टरी टेस्टिंगची इंक आहे, प्रत्येक मशीन टेस्ट होऊनच येतं." आणि हे खोटं नाहीये हो! नवीन मशीन टेस्ट होतंच, थोडी इंक लागलेली असतेच. अर्ध्या खऱ्याने फसवलं की माणूस काय करणार. पण पापुद्रा? टेस्टिंगची इंक पापुद्रे निघेपर्यंत थर धरत नाही, त्याला रोज चालणारं मशीन लागतं. तो पापुद्रा माझ्या नखात अडकून घरापर्यंत आला होता आणि मी तो साबणाने धुवून टाकला. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तो पापुद्राच दिसतो.

कॅरेजचं (हेड बसवलेल्या सरकत्या भागाचं) कव्हर काढून लेबल दाखवा म्हटलं तर त्यावर चकचकीत स्टिकर, "वॉरंटी सील". "सील तुटलं तर हेडची १ वर्षाची वॉरंटी जाईल ताई, तुमचंच नुकसान." मी तरी काय म्हणणार होते, माझंच नुकसान म्हटल्यावर? आता कळतंय की ते सील माझ्यासाठी नव्हतंच, त्याच्या खालचं लेबल कोणी वाचू नये म्हणून होतं. आणि हेडवर १ वर्ष वॉरंटी! या लाइनमध्ये हेडवर धड वॉरंटी द्यायला कोण तयार असतं? जो देतो त्याला द्यायचीच नसते. सील लावलंय म्हणाला तर म्हणा, सील माझ्यासमोर काढा, लेबलचा आणि सिरियल नंबरचा फोटो काढू द्या आणि माझ्यासमोर नवीन सील लावा. याला नाही म्हणाला की चप्पल घालून बाहेर पडायचं.

पैशाचं असं झालं. मशीनचे ठरले ८,६५,०००. ॲडव्हान्स २,००,०००, माल निघायच्या आधी ५,६५,००० आणि इन्स्टॉलेशननंतर १,००,०००. बिलं दोन आली, दोन वेगळ्या फर्मची, एक ४,९०,००० चं "इंकजेट प्रिंटर, १ नग" आणि दुसरं ३,७५,००० चं "ॲक्सेसरीज व सर्व्हिस". विचारलं तर म्हणे आमची अकाउंटची सिस्टीम अशीच आहे, दोन्ही घरच्याच फर्म. बिलावर हेडचं मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही, "नवीन" हा शब्द सुद्धा नाही. तोंडी मात्र सगळं होतं. व्हॉट्सॲपवर मी "ई१ ना नक्की?" असं विचारलंय त्याला उत्तर काय, तर अंगठा. आता वकील म्हणतात अंगठ्याचा अर्थ कोर्टात वेगळा सिद्ध करावा लागेल!!

इन्स्टॉलेशनला जो मुलगा आला त्याने वरून १८,५०० घेतले, रिप सॉफ्टवेअर (फाइल मशीनला छापता येईल अशी करून देणारं) आणि प्रोफाइल बनवायचे म्हणून. रिपचा डोंगल (असली सॉफ्टवेअरची यूएसबी किल्ली) दिलाच नाही, नंतर कळलं कॉपी क्रॅक केलेली होती. संध्याकाळी म्हणाला, बाकीचे १,००,००० आले की ऑफिसमधून ॲक्टिव्हेशन होईल मग मी निघतो. शेवटचा हप्ता आपल्या हातात आहे असं आपल्याला वाटतं, पण मशीन त्यांच्या हातात असतं.

ॲक्टिव्हेशन म्हणजे काय ते पुढे कळलं. ऐन सीझनमध्ये, रोल लावलेला, निम्मा बोर्ड छापून झालेला, आणि स्क्रीनवर मेसेज की वेळ संपली, पासवर्ड टाका. मशीनमधल्या या चायनीज सर्किट बोर्डांना टाइम पासवर्ड असतो, विक्रेता ठरावीक तासांचाच पासवर्ड टाकून देतो, उधारी बुडू नये म्हणून ही सोय आहे असं म्हणतात. माझी एका पैशाची उधारी नव्हती! फोन केला तर "परमनंट अनलॉकचे ४५,००० होतील ताई, कंपनी घेते, आम्ही नाही." बाहेर गिऱ्हाईक उभं. भरले. तुम्ही पण भरले असते. घेण्याच्या आधी लेखी घ्या की बोर्डाला टाइम पासवर्ड किंवा इंक पासवर्ड नाही आणि असला तर कायमचा काढलेला आहे, ही एक ओळ माझ्या बिलावर असती तर हे ४५,००० वाचले असते.

त्यानंतर रंग जायला लागले. आधी लालभडक बोर्ड केशरीकडे झुकला, मी प्रोफाइलला दोष देत बसले, मग मीडियाला, मग हवेतल्या ओलाव्याला, नोझल चेकमध्ये मॅजेन्टाच्या रेघा रोज थोड्या थोड्या गळत होत्या. क्लीनिंग मारली की येणार, दुपारी परत गायब. विक्रेता म्हणे अर्थिंग तपासा, स्टॅबिलायझर लावा, इंक आमचीच वापरा. तिन्ही केलं, इंक तर पहिल्यापासून त्याचीच होती. मग त्याने फोन उचलणं बंद केलं. शेवटी एका ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं, त्याने सील सरळ ब्लेडने कापलं आणि कव्हर काढून गप्पच बसला. मग म्हणाला, "ताई, हे बघा." एका हेडचं लेबल खरवडलेलं, दुसऱ्यावर पांढरा टेप, टेप सोलला तर खाली ए१. कोपऱ्यात पांढऱ्या इंकचे सुकलेले ठिपके. माझ्या मशीनमध्ये पांढरा रंगच नाही! डीटीएफमध्ये कपड्यावर पांढरा लागतो, ती हेडं तिथून आलेली.

आणि ब्रोशरमधला तो स्पीड, ताशी ६० चौरस मीटर, तो २ पासचा, म्हणजे हेड एका जागेवरून दोनदाच फिरतं तेव्हाचा. २ पासमध्ये दुकानाचा बोर्ड कोणी घेत नाही, ६ पासला त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे २० उरतात. हे फसवणुकीत धरत पण नाही मी, हे सगळेच करतात, पण विचारायचं की कितव्या पासला.

आता खरा संताप. पोलीस स्टेशनला गेले तर पहिला प्रश्न, "मिस्टर नाही आले?" दुसरा, "झेरॉक्स मशीन आहे का?" तिसरा, "चालतंय ना पण?" म्हटलं अर्धवट चालतंय. "मग फसवणूक कसली, बिघाड झालाय, दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." मी सांगतेय की जुनं हेड नवीन म्हणून विकलं, टेप लावून लपवलं, फोटो आहेत, आणि समोरचा माणूस अर्जात लिहितोय "प्रिंटर नादुरुस्त निघाला". नादुरुस्त! त्या एका शब्दाने केसची वाट लागली, कारण पुढे ज्याने ज्याने तो कागद वाचला त्याने तेच धरलं. खोडा म्हटलं तर "मॅडम, खाडाखोड चालत नाही." म्हणून सांगते, अर्ज घरून लिहून न्या, स्वतःच्या शब्दात, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

सायबरवाले म्हणाले तुम्ही प्रत्यक्ष जाऊन मशीन बघितलं, हे ऑनलाइन नाही, आमच्याकडे येत नाही. बँक म्हणाली ट्रान्सफर तुम्ही स्वतः केलंय, ओटीपी तुम्ही टाकलाय. ग्राहक तक्रारीला गेले तर म्हणे धंद्यासाठी घेतलेली वस्तू, तुम्ही ग्राहक कशा? म्हणजे घरी मिक्सर बिघडला तर मी ग्राहक, आणि ज्याच्यावर चार माणसांचा पगार निघतो ते मशीन बिघडलं तर मी कोणीच नाही. वर दोन बिलांचा मुद्दा, ३,७५,००० ज्या फर्मला गेले ती वेगळी, तिने म्हणे कबूल केलेली सर्व्हिस दिली. कुठली सर्व्हिस? ती १८,५०० वाली? धंद्याच्या संघटनेत गेले तर चहा पाजला आणि म्हणाले तो आमचा मेंबर नाही. फक्त बँकेचा एकच विभाग वेळेवर काम करतो, कर्जाचा हप्ता २१,३५० दर महिन्याला न चुकता कापून नेतो.

मेकॅनिकचं म्हणणं लेखी घेऊन ठेवलंय, सही आणि तारखेसकट, त्याचा पुढे उपयोग होईल असं वकील म्हणतात. हेड काढताना व्हिडिओ करायला हवा होता म्हणे, आता सांगतात, तेव्हा मला कोण सांगणार होतं. तुम्ही करा. सील कापण्याच्या आधीपासून चालू ठेवा, मध्ये तोडू नका, नाहीतर विक्रेता म्हणेल हेड तुम्हीच बदललं. माझ्या बाबतीत तो नेमकं हेच म्हणतोय. वॉरंटी पण सील तुटल्यामुळे संपली, असं त्याच उत्तरात लिहिलंय, त्याने अशी सोय आधीच करून ठेवली होती.

दोन्ही हेडं बदलून मशीन चालू करावं की तसंच पुरावा म्हणून ठेवावं यावर वकिलांचं आणि माझं जमत नाहीये. ते म्हणतात हात लावू नका, मी म्हणते हप्ता कोण भरणार. सध्या ६ फुटांचं मशीन झाकून ठेवलंय आणि प्रिंट परत बाहेरून करून घेतेय, त्याच माणसाकडून ज्याला मी मोठ्या तोऱ्यात सांगून आले होते की आता आमचं घरचं मशीन येतंय. दुसऱ्या फर्मला पाठवलेली नोटीस परत आली, पाकिटावर शेरा आहे की पत्त्यावर असं कोणी राहत नाही. पहिल्या फर्मची तारीख लागली की कळवते.