हॅन्सार्ड : इराणविषयीचा वाद मुळातून वाचण्याची सोय

परदेशातील धर्मसत्तेविषयी एखादा लोकशाही देश स्वतःशी कसा वाद घालतो, हे वृत्तपत्रांतील त्रोटक बातम्यांपेक्षा ब्रिटिश संसदेच्या अधिकृत इतिवृत्तातून, म्हणजे ‘हॅन्सार्ड’च्या विनामूल्य संकेतस्थळावरून अधिक नीट कळते. हिजाबच्या नियमावरून पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या पोलीस कोठडीतील मृत्यूनंतर इराणमध्ये उसळलेल्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर, इस्लामी क्रांतिरक्षक दलावर, म्हणजे इराणी राजवटीच्या रक्षणासाठी असलेल्या लष्करी दलावर, बंदी घालावी असा ठराव १२ जानेवारी २०२३ रोजी कॉमन्स या ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने एकमताने संमत केला; तो सरकारवर बंधनकारक नव्हता, आणि सर्वपक्षीय आग्रहापुढे मंत्र्यांची सावध, मोजूनमापून दिलेली उत्तरे वाचणे हाच या सेवेचा खरा लाभ आहे. सदस्याच्या नावानुसार आणि तारखेनुसार शोध घेता येतो.

उणीव एकच, पण मोठी. मंत्रालयांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या संसदीय समित्यांपुढील (सिलेक्ट कमिटी) साक्षी येथे नाहीत, त्या संसदेच्या वेगळ्या संकेतस्थळावर शोधाव्या लागतात. इराणमध्ये कैदेत असलेल्या ब्रिटिश-इराणी नागरिक नाझनीन झघारी-रॅटक्लिफ तेथे पत्रकारिता शिकवत होत्या, हे तत्कालीन परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांचे चुकीचे विधान २०१७ मध्ये अशाच एका समितीपुढे झाले होते आणि इराणी न्यायालयाने ते नाझनीन यांच्याविरुद्ध वापरले. नेमके तेच केवळ हॅन्सार्ड चाळणाऱ्याला मुळातून वाचायला मिळत नाही.