‘दर्शन’ म्हणजे प्रवेश नव्हे: आमच्या आग्रा सहलीत काय झालं

टूरच्या कार्यक्रमात ‘ताजमहाल दर्शन’ असं लिहिलेलं दिसलं, तर पैसे भरण्याआधी फोन करा आणि विचारा, आत नेणार का? आम्ही विचारलं नव्हतं.

गेल्या डिसेंबरात मी, माझा नवरा आणि आई असे तिघं दिल्ली-आग्रा-जयपूर सहलीला गेलो. जाहिरात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती. माणशी १९,५०० रुपये, राहणं-जेवण, सोबत मराठी टूर मॅनेजर, गाइड, ‘सर्व काही समाविष्ट’. आईसाठीच जायचं होतं. ती ७२ वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं उभा जन्म चौथीच्या मुलांना महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचा धडा शिकवला, पण आग्रा कधी पाहिलं नव्हतं. १२ मे १६६६ ला महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले, तो किल्ला तिला आतून पाहायचा होता. ताजमहालाचं तिला तेवढं नव्हतं.

दिल्लीतच शंका यायला हवी होती. लाल किल्ला बसच्या खिडकीतून, कुतुबमिनार रस्त्यावरून. ‘ट्रॅफिकमुळे उशीर झालाय, पुढे भरून काढू,’ असं टूर मॅनेजर म्हणत राहिला आणि आम्ही बावीस जणांनी ते ऐकून घेतलं.

शुक्रवारी सकाळी आग्र्यात बस यमुनेच्या पलीकडे, मेहताब बागेपाशी थांबली. तिथून नदीपलीकडचा ताज फार सुंदर दिसतो, खोटं कशाला बोलू. फोटो काढून झाल्यावर सगळे बसमध्ये चढले आणि आईनं विचारलं, ‘आता आत कधी जायचं?’ तेव्हा मॅनेजर म्हणाला, ‘काकू, आज शुक्रवार. ताज बंद असतो. आणि आपल्या कार्यक्रमात दर्शन लिहिलंय, प्रवेश कुठे लिहिलाय?’

ताजमहाल दर शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही आग्र्याला शुक्रवारच दिला होता, कारण बंद दिवशी तिकिटं काढावी लागत नाहीत. आत जायचं ५० आणि मुख्य कबरीपर्यंत जायचं वेगळं २०० असं माणशी अडीचशेचं तिकीट. बावीस जणांचे साडेपाच हजार. तेवढ्यासाठी माणसांना हजार-दीड हजार किलोमीटर नेऊन नदीपलीकडून परत आणलं.

दुपारी गाइडनं किल्ल्याऐवजी बस ‘कारागिरांकडे’ नेली. मोठं एम्पोरियम, दारात चहा. दोन माणसं चाकावर अकीक या रंगीत दगडाचा तुकडा घासत बसली होती. मग आतल्या खोलीत दिवे मालवून फुलं जडवलेल्या एका दगडी थाळीखाली टॉर्च लावला. फुलाच्या पाकळ्या निखाऱ्यासारख्या नारिंगी पेटल्या आणि सगळ्यांच्या तोंडून ‘आहा’ निघालं. ‘माताजी, अस्सल मकराना संगमरवर, ताजमध्ये लावलाय तोच दगड. प्रकाश आरपार जातो, हीच खूण.’ आम्ही ८,५०० ची थाळी घेतली. घरी आल्यावर आईनं ती पुसताना नख लागलं आणि कडेवर पांढरी रेघ उमटली. संगमरवरावर नखानं ओरखडा पडत नाही. अलाबास्टर म्हणजे जिप्समचा मऊ दगड, त्यावर पडतो, आणि प्रकाश त्यातूनही आरपार जातो. टॉर्चच्या खेळानं काहीच सिद्ध होत नाही, हे मला तेव्हा कळलं. बिल काढून पाहिलं, तर त्यावर संगमरवर हा शब्दच नव्हता. ‘हँडिक्राफ्ट आयटम, १ नग’ एवढंच.

एम्पोरियम, मग चामड्याच्या वस्तूंचं दुकान, मग पेठ्याचं दुकान, यात तीन तास गेले. अशा दुकानांत गाइडला आणि ड्रायव्हरला विक्रीवर कमिशन असतं, म्हणून बस तिथून हलत नाही. गाइडच्या गळ्यात कार्ड होतं म्हणून आम्ही त्याला सरकारी गाइड समजलो. घरी फोटो मोठा करून पाहिला, तर ते एका ट्रॅव्हल्सचं ओळखपत्र होतं. पर्यटन खात्याच्या परवानाधारक गाइडकडे फोटोसह अधिकृत ओळखपत्र असतं. ते हातात घेऊन वाचा, त्यात संकोच कसला?

किल्ल्याशी पोहोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते आणि तिकीटखिडकी बंद झाली होती. अमरसिंग दरवाजासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. आई चपला काढून त्याच्यासमोर हात जोडून उभी राहिली. वळून दरवाजाकडे पाहिलं आणि काही न बोलता बसमध्ये जाऊन बसली. थाळीचे पैसे गेले त्याचं मला एवढं वाटत नाही.

पुढेही तेच. फत्तेपूर सिक्रीला बुलंद दरवाजा आणि सलीम चिश्तींचा दर्गा दाखवला, कारण तिथे तिकीट नाही. पंचमहाल, दिवाण-ए-खास हा तिकिटाचा भाग ‘वेळ नाही’ म्हणून गाळला. जयपूरला हवामहल रस्त्यावरून.

परत आल्यावर टूरवाल्यानं ‘कार्यक्रमात बदल होऊ शकतो’ ही बारीक अक्षरातली ओळ दाखवली आणि माणशी ५०० रुपये देऊ केले. आम्ही घेतले नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, कार्यक्रमाची पीडीएफ, पावत्या, सगळं जपून ठेवा. सहलीतच गोंधळ झाला तर १३६३ ही पर्यटकांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. मला तो नंबर तेव्हा माहीत असता तर मेहताब बागेतूनच लावला असता.

आणि पैसे भरण्याआधी कॅलेंडर उघडा. ताज शुक्रवारी बंद, दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी, अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी. कोणती तिकिटं टूरमध्ये धरली आहेत, त्यांची नावं लिहून मागा. तोंडी ‘सगळं आहे हो’ यावर थांबू नका.

फेब्रुवारीत आम्ही तिघं झेलम एक्स्प्रेसनं पुन्हा आग्र्याला निघालोय, या वेळी आपले आपण. मंगळवारची अख्खी सकाळ किल्ल्यासाठी ठेवली आहे. वार आईनं स्वतः कॅलेंडरवर पाहून ठरवला.