पेन्शनवर जप्ती येणार, असं सांगून मला लुबाडलं

मार्च २०२३ ते ऑगस्ट २०२३ या सहा महिन्यांत एका माणसाने माझ्याकडून १,९३,००० रुपये नेले. तुमची पेन्शन बंद होणार आणि ती मीच वाचवू शकतो, एवढं त्याने मला पटवून दिलं होतं. पेन्शन वाचवायची गरजच नव्हती, ती कायद्याने आधीच सुरक्षित होती. हे मला पैसे गेल्यावर कळलं. निवृत्त झालेल्या, कुणाला तरी जामीन राहिलेल्या आणि घरी नोटीस आल्यावर झोप उडालेल्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून सगळं लिहिते आहे.

मी ठाणे जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत ३४ वर्षं परिचारिका होते, २०१७ साली निवृत्त झाले. कळव्याला खारेगावात आम्ही दोघंच राहतो. हे रबाळे एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होते. २००४ साली उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली. तेव्हापासून ईएसआयकडून, म्हणजे कामगार विम्यातून, दर महिन्याला अपंगत्वाचे पैसे येतात, चार हजारांच्या थोडे वर. माझी पेन्शन हातात येते ती ३४ हजारांच्या आसपास. औषधपाणी, लाइट बिल, मेंटेनन्स, सगळं त्यावरच.

२०१५ साली आमच्या वॉर्डातल्या एका कर्मचाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी पतसंस्थेतून चार लाखांचं कर्ज काढलं. मी आणि आणखी एक जण जामीनदार राहिलो. वीस वर्षं ज्याच्याबरोबर रात्रपाळ्या काढल्या, त्याला नाही म्हणायला जीभ रेटली नाही. कोविडनंतर त्याचे हप्ते थांबले. २०२२ च्या दिवाळीनंतर तिघांनाही सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ ची नोटीस आली. सहकारी संस्था थकबाकी वसूल करायला उपनिबंधकांकडून जो दाखला घेते, त्याची ही नोटीस. मुद्दल, व्याज आणि खर्च मिळून ३ लाख १२ हजार.

ती नोटीस खरी होती आणि कर्जही खरं होतं. माझी पहिली चूक इथेच झाली. सुनावणीची तारीख दिली होती, पण घाबरून मी गेलेच नाही. नोटीस कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली. मुलगा पुण्याला असतो, त्यालाही बोलले नाही.

मग मार्चमध्ये तो आला. दुपारची वेळ होती. इस्त्रीचा शर्ट, काखेत प्लास्टिकचं फोल्डर. दारातच म्हणाला, "सिस्टर ना? वसुली ऑफिसमधून आलोय, पण तुमच्या भल्यासाठी आलोय." फोल्डरमध्ये माझ्या नोटिशीची झेरॉक्स होती. ती त्याला कुठून मिळाली ते आजही कळलेलं नाही. तिच्या खाली आणखी एक कागद होता, बँकेच्या नावाने, गोल शिक्का मारलेला : एक तारखेपासून या पेन्शनधारकाच्या खात्यातली संपूर्ण रक्कम जप्त करावी. त्यात माझं नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे होते. ते वाचून माझ्या हातापायातलं बळच गेलं.

तो आवाज चढवून बोलला नाही. पाणी मागितलं, ह्यांच्या हाताची चौकशी केली. मग हळूच म्हणाला, "काकांचे ईएसआयचे पैसेही यात धरतात. पहिल्यांदा पेन्शन, मग ते, मग घरातलं सामान. गळ्यातलंसुद्धा सोडत नाहीत." हे खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी तो हात लुंगीच्या घडीत घेतला.

स्टे, म्हणजे जप्तीला स्थगिती, घ्यायला २५ हजार लागतील, असं त्याने सांगितलं. मी रोख दिले. त्याने पावती फाडून दिली, वर पतसंस्थेचं नाव छापलेलं. एप्रिलमध्ये पुन्हा आला : साहेब एकरकमी परतफेडीला तयार आहेत, १ लाख २० हजार भरा, उरलेले हप्त्याने. ग्रॅच्युइटीच्या पैशांची एक एफडी मी ह्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवली होती, ती मोडली. चेक एका माणसाच्या नावाने लिहायला लावला. संस्थेच्या नावाने का नाही, असं मी विचारलंसुद्धा. "संस्थेच्या खात्यात टाकले तर व्याजात वळते होतील, हे साहेबांचं वेगळं खातं आहे," असं उत्तर मिळालं आणि मी गप्प बसले.

त्यानंतरचं सांगताना अजूनही अंगावर काटा येतो. खातं कुठल्याही महिन्यात गोठवलं जाईल, म्हणून पेन्शन जमा झाल्या झाल्या काढून घ्यायला हवी, पण तुम्ही स्वतः एटीएममध्ये गेलात तर कॅमेऱ्यात दिसाल आणि जप्ती चुकवल्याचा गुन्हा लागेल, असं तो म्हणाला. मी कार्ड दिलं, पिन दिला. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर सहीही केली, की पेन्शनमधून दरमहा १२ हजार द्यायला माझी संमती आहे. मे, जून, जुलै, ऑगस्ट असे चार महिने तो एक तारखेला संध्याकाळी यायचा आणि खाकी पाकिटात माझेच २२ हजार मला आणून द्यायचा. मी त्याला चहा द्यायची. जूनमध्ये त्याच्या घरच्यांसाठी डबाभर आंबापोळी दिली. आपल्यासाठी एवढी धावपळ कोण करतं, असं वाटायचं. पेन्शन चालू राहते आहे ती याच्यामुळेच, असंच मी धरून चालले होते.

ऑगस्टच्या शेवटी खरे वसुली अधिकारी आले. दोघं होते. आधी ओळखपत्रं दाखवली, मग प्राधिकारपत्र. मी निर्धास्तपणे पावत्यांचं पाकीट काढून पुढे केलं. त्यांनी एक पावती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "बाई, ही आमची नाही." पतसंस्थेच्या नावात एक अक्षर वेगळं होतं. संस्थेच्या वहीत माझ्या नावावर एक पैसाही जमा नव्हता, उलट व्याज वाढलं होतं. मी तिथल्या तिथे त्याला फोन लावला. बंद. आजतागायत बंदच आहे.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. कळवा नाक्यावर आहे, घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. मॅनेजरबाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं. "मॅडम, तुमच्या खात्यावर जप्तीचं कुठलंच पत्र आमच्याकडे कधी आलेलं नाही. आणि सरकारी पेन्शनवर जप्ती येत नसते." इतकंच बोलल्या. हे वाक्य मार्चमध्ये कानावर पडलं असतं तर! दहा मिनिटांवर होतं ते. मी काउंटरसमोरच्या बाकावर बसून रडले.

पोलिसांत तक्रार दिली, गुन्हा नोंदला. चेक ज्या खात्यात वटला ते दोन दिवसांत रिकामं झालेलं होतं. लगेच कळलं असतं तर कदाचित रक्कम अडवता आली असती, चार महिन्यांनी काय अडवणार. एटीएममधून गेलेल्या ४८ हजारांबद्दल बँकेने हात वर केले, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा की पिन आपणच दुसऱ्याला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपला.

त्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी मला कोर्ट नाक्याला नेलं, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात. तिथे वकील फुकट मिळतो हे मला माहीत नव्हतं. बाईला आणि अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन केला तरी मार्ग दाखवतात. आम्हाला एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पुस्तक उघडून ओळीखाली बोट ठेवून वाचून दाखवलं, आणि मीही हट्टाने प्रत्येक गोष्ट वहीत उतरवून घेतली.

सरकारी पेन्शनचा कायदा १८७१ चा आहे, इंग्रजांच्या काळातला. त्याचं कलम ११ सांगतं की कर्ज वसूल करणाऱ्याच्या अर्जावरून कोर्टाला सरकारी पेन्शन जप्त करता येत नाही. कलम १२ सांगतं की पुढे मिळणारी पेन्शन आधीच कुणाला लिहून दिली तर ते लिहून देणंच रद्दबातल. म्हणजे मी ज्या स्टॅम्प पेपरला इतके महिने घाबरत होते, तो कागद रद्दीच्या लायकीचा होता. शिवाय १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आहे. त्यात काय जप्त करता येत नाही याची यादीच आहे. सरकारी आणि पालिकेच्या निवृत्तांबरोबर इतर मालकांकडच्या निवृत्तांचं निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी त्यात येते, प्रॉव्हिडंट फंड येतो. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे येतात. आणि धार्मिक रीतीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचा नसतो असा दागिनाही येतो. मी मंगळसूत्राला हात लावून विचारलं, "हे?" त्या म्हणाल्या, "हो, हे."

मोडलेल्या एफडीचं ऐकून मात्र त्या थोडा वेळ गप्पच झाल्या. सुप्रीम कोर्टाने २००८ च्या एका निकालात म्हटलंय की ग्रॅच्युइटी आणि पेन्शनचे पैसे निवृत्त माणसाच्या हातात येऊन एफडीत गेले, तरी त्यांचं संरक्षण जात नाही. म्हणजे तीही एफडी मोडायची गरज नव्हती.

ह्यांच्या पैशांचं मी शेवटी विचारलं. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यातही, योगायोगाने ६० व्याच कलमात, तो लाभ जप्त करता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावेही करता येत नाही असं लिहिलेलं त्यांनी दाखवलं. ह्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे माझ्या बोटांचे पैसे कुणी नेऊ शकत नाही ना?" मार्चपासून ही एकच काळजी ते मनात धरून बसले होते आणि मला एका शब्दाने बोलले नव्हते.

पण पेन्शन सुरक्षित म्हणजे कर्ज बुडालं, असा अर्थ कुणी काढू नये. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि राहतं घर, इतर सोनं, भाड्याचं उत्पन्न यावर जप्ती येऊ शकते. म्हणूनच सुनावणीला जायलाच हवं. पेन्शनच्या खात्यात दुसरे पैसे मिसळू नका, असंही वकीलबाईंनी बजावलं, म्हणजे पुढे कोणता पैसा पेन्शनचा हे सिद्ध करत बसावं लागत नाही. मुलगा पाठवतो ते आता मी वेगळ्या खात्यात घेते. आणि पेन्शन येते त्याच बँकेतून कर्ज घेतलं असेल, तर हप्ता कापायची संमती आपणच सही करून दिलेली असते, ती जप्ती नव्हे. सही करताना ते वाचावं.

घरी येणाऱ्या माणसाबद्दलही सांगते. बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे. ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागायचा आपल्याला हक्क आहे. बँकेने महिनाभरात तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. आमच्याकडे आलेले पतसंस्थेचे खरे अधिकारी तर कागद न मागता दाखवत होते आणि पैसे संस्थेच्या काउंटरवरच भरा म्हणत होते. मी त्यांच्याशी तुसडेपणाने वागले आणि त्या भामट्याला आंबापोळी दिली.

ओळखीच्या कितीतरी निवृत्त बायकांची एटीएम कार्डं आणि पासबुकं सावकारांच्या कपाटात आहेत, हे मी या प्रकरणानंतर ऐकलं. सफाई खात्यातल्या, आया म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी तरी हे ऐकावं : ते कार्ड परत मागा, देत नसेल तर बँकेत जाऊन बंद करा आणि नवीन घ्या. परवाना नसताना सावकारी करणं हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. तुमच्या पेन्शनवर त्याचा काडीचा हक्क नाही.

माझं म्हणाल तर ऑक्टोबर २०२३ मध्ये मी मुलाला घेऊन पतसंस्थेत गेले. दुसऱ्या जामीनदाराने आणि मी मिळून हप्ते ठरवून घेतले. माझे महिन्याला ५ हजार. ते मी माझ्या मर्जीने भरते, स्वतः काउंटरवर, आणि पावती हातात पडल्याशिवाय हलत नाही. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन वर्षभर लांबलं, शेवटी मुलाने केलं. तो माणूस अजून सापडलेला नाही. उंची मध्यम, रंग सावळा, वय पस्तीस-चाळीस, डाव्या मनगटाला लाल दोरा, बोलताना दर वाक्याला "तुमच्या भल्यासाठी" म्हणायची सवय. कळवा, मुंब्रा, दिवा, ऐरोली, कुठेही कुणाच्या दारात असा कोणी फोल्डर घेऊन उभा राहिला, तर त्याला बाहेर थांबवा आणि आधी आपल्या बँकेत फोन करा. कुणाला बँकेत किंवा कोर्ट नाक्याला एकटीने जायची भीती वाटत असेल, तर मी बरोबर येईन.