डक बोटीचा प्लान घेतला, पण कुत्रा बसणार कुठे?

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. बोट म्हणून प्लान, म्हणजे घरी बोट बांधायची ड्रॉइंगं, मस्त, साडेचार स्टार. पण जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलंय ना "दोन माणसं आणि एक कुत्रा", त्यातल्या कुत्र्याला दीड स्टार, तोही ड्रॉइंगमधे कुत्रा छान काढलाय म्हणून. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण असे प्लान विकणारे बरेच आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे हीच गंमत आहे असं मला वाटतं.

वस्तू काय ते सांगतो. बदकांच्या शिकारीसाठी 14 फुटी लाकडी गार्वी, म्हणजे सपाट बुडाची बोट, प्लायवूडची, घरच्या गॅरेजमधे बांधायची. आम्ही न्यू जर्सीत राहतो, बार्नेगट बे जवळ. शिकार मी करत नाही, शेजारचे रिटायर्ड गृहस्थ करतात, लायसन्स त्यांचं, दरवर्षी 25 डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प, म्हणजे बदकांच्या शिकारीचं सरकारी तिकीट, घेतात ते, बंदूक त्यांची. माझं काय तर गॅरेज माझं, कॅमेरा माझा आणि कुत्रा माझा. कुत्रा म्हणजे खंड्या, काळा लॅब्रॅडोर, पंचाहत्तर पौंडाचा, पाणी दिसलं की विचारबिचार न करता उडी. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अरे आपल्याकडे शिकारीला बंदी ना, तुरुंगात जाशील! तिला समजावलं की इथे सीझन असतो, रोजची लिमिट असते, आणि स्टॅम्पच्या पैशातून 1934 पासून पाणथळ जागा विकत घेऊन राखल्या जातात, आमच्या जवळचं फोरसाइथ रेफ्यूज, म्हणजे अभयारण्य, आहे तिथे हिवाळ्यात ब्रँटचे, म्हणजे छोट्या काळपट गूस पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात. पटलं नाही तिला. असो.

गार्वीच का? तर या भागातली खरी नामांकित बोट म्हणजे स्नीकबॉक्स. 1836 च्या सुमाराला वेस्ट क्रीकच्या हेझल्टन सीमनने काढली, साधारण 12 फूट लांब, चमच्यासारखी गोल नाळ म्हणजे पुढचं टोक, वरून जवळजवळ पूर्ण डेक, मधे एक खाच आणि त्यात माणूस आडवा पडणार, वरून गवत टाकलं की लांबून कळत पण नाही बोट आहे. टकर्टन सीपोर्टच्या म्युझियममधे जाऊन बघा, कारागिरी बघून वेड लागतं. तिला तेव्हा डेव्हिल्स कॉफिन, सैतानाची शवपेटी, म्हणायचे आणि आत वाकून बघितल्यावर का म्हणायचे ते कळतं. एक माणूस कसाबसा मावतो, खंड्याला काय डोक्यावर घेणार? शिवाय गोल बूड, सीडरच्या पट्ट्या वाकवून बसवायच्या, ते नवशिक्याचं काम नाही. गार्वी ह्याच खाडीतली पण साधी, सपाट बुडाची, पुढून चौकोनी, डुलत कमी. लाट आली की बूड धाडधाड आपटतं हे खरंय, पण आम्हाला उथळ पाण्यात गवताच्या कडेने जायचंय, समुद्र पार करायचा नाहीये.

आता ड्रॉइंग. इथे मात्र पैसे वसूल. जाड कागदाची गुंडाळी येते, बल्कहेडचे म्हणजे आडव्या पडद्यांचे पॅटर्न फुल साइज, ते सरळ प्लायवर ठेवून टोचून मार्क करायचे. बाजूच्या लांब फळ्यांची मापं टेबलमधे दिलीत, 2-7-3 अशी. शेजारी मला समजवायला लागले की हे फूट, इंच आणि आठवे भाग, मी म्हटलं काका राहू द्या, 2 फूट 7 इंच 3 सूत, आमच्या गावचा सुतार ह्याच भाषेत बोलायचा! पद्धत स्टिच अँड ग्लू, 1963 ला इंग्लंडात मिरर डिंगी नावाची छोटी शिडाची बोट आली तेव्हापासून हौशी लोकांची लाडकी. फळ्या कापा, कडेने भोकं पाडा, तांब्याच्या तारेने शिवा, आतून एपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाचा, गोलाकार भरणा, वर फायबरग्लासची टेप, झालं. प्लायची शीट 8 फुटाची आणि बोट 14 ची, म्हणजे जोड आलाच, तर तो तिरका तासून कसा करायचा, जाडीच्या आठ पट लांबीचा उतार, 6 मिमी ला 48 मिमी, हे सगळं पायरीपायरीने चित्रासकट दिलंय. रंधा हातात न धरलेल्या माणसाला पण समजेल.

आणि मग शीट नंबर पाच. कुत्र्याची जागा! नाळेच्या डेकखाली एक खण दाखवलाय, 20 बाय 24 इंच, त्यात एक गोंडस कुत्रा शहाण्यासारखा बसलाय, कान टवकारून. मी गॅरेजच्या फरशीवर खडूने पूर्ण कॉकपिट, म्हणजे बोटीतली बसायची उघडी जागा, आखलं, खण आखला, बाजूला खोकी लावून उंची केली आणि खंड्याला बोलावलं. बसला. बिस्किट दिलं म्हणून बसला. मग त्याला वळायचं होतं तर ढुंगण खोक्याला लागलं, खोकं पडलं, आडवं व्हायचं तर पुढचे पाय आणि अर्धी मान रेघेच्या बाहेर. टेप लावून मोजलं, लॅब्रॅडोरला नीट लोळायला कमीत कमी 3 फूट बाय 2 फूट लागतात. चित्रातला कुत्रा हा बहुतेक कॉकर स्पॅनियल असावा, किंवा ज्याने काढला त्याने कुत्रा पाळलेला नसावा. पहाटेच्या अंधारात जाऊन चार तास गारठ्यात बसायचं असतं हो, कुत्रा तेवढा वेळ पुतळा होऊन बसतो का?

पण माप ही लहान तक्रार आहे. मोठी तक्रार जागेची. कुत्रा नाळेत आणि शिकारी त्याच्या मागे, म्हणजे समोर उठलेल्या बदकावर बार काढला की नळीचं तोंड कुत्र्याच्या डोक्याच्या वर किंवा पुढ्यातच. बारा बोअरचा आवाज माणसं कानात बोळे घालून ऐकतात, आणि नळीच्या पुढे आवाज मागच्यापेक्षा जास्त, कुत्र्याचे कान कायमचे जातात. शेजाऱ्यांचा आधीचा कुत्रा म्हातारपणी ठार बहिरा होता, त्यांना चित्र बघताक्षणी हे दिसलं. मागे ट्रान्समपाशी, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीपाशी, ठेवावं तर तिथे मोटर, पेट्रोलची टाकी, धूर. आम्ही शेवटी ठरवलं की कुत्रा मधे, दोन माणसांच्या बाकांमधे, नळीच्या रेषेच्या मागे, आणि बुडाच्या अगदी लगत, कारण पंचाहत्तर पौंडाचं हलतं वजन जितकं खाली तितकं बरं. त्यासाठी मधला एक बल्कहेड आठ इंच सरकवावा लागतोय. चालेल का म्हणून कंपनीला मेल केली.

उत्तर यायला बराच वेळ लागला पण आलं आणि ते बरं होतं हे मान्य करायला हवं, की सरकवा पण त्याच्या खालची बुडाची पट्टी दुप्पट जाडीची करा. कुत्र्याच्या जागेबद्दल मात्र ते तुमचं तुम्ही ठरवा असा सूर. मग जाहिरातीत कशाला छापता राव?

पाण्यातून परत वर कसा येणार ह्याबद्दल प्लानमधे एक ओळ नाही. बोटीची कड पाण्यापासून 14 इंच वर. बदक तोंडात धरलेला ओला कुत्रा तेवढं चढत नाही, तो पुढचे पंजे कडेवर टाकतो आणि लोंबकळतो, सगळं वजन एका बाजूला, त्यात माणूस त्याला ओढायला त्याच बाजूला वाकला की बोट कलंडायची तयारी. म्हणून कडेला अडकवायची फोल्डिंग पायरी हवी, पाण्याच्या खाली चार-पाच इंच जाणारी, आणि एकाने उलट्या बाजूला सरकून बसायचं असा नियम. पायरी बाजारात तयार मिळते, पण ती जिथे अडकते तिथे कडेला आतून जाड लाकूड हवं, ते आधीच बसवलेलं बरं, नंतर फायबरग्लास फोडून कोण करणार.

वजनाचं पण बघून घ्या. प्लानवर क्षमता 600 पौंड लिहिलीय. आमची बेरीज: दोन माणसं वेडर्स (छातीपर्यंतचे रबरी बूट-पॅंट) आणि कपड्यांसकट 400, खंड्या 75, दोन डझन डिकॉय (बदकांना भुलवायची खोटी बदकं) वजनांसकट 40, मोटर 90, टाकी 25, बंदुका, काडतुसं, थर्मास, माझी कॅमेऱ्याची बॅग मिळून 40. झाले 670! 600 मधे मोटर धरलीय की नाही हे कुठेच लिहिलेलं नाही. आता डिकॉय अर्धे, आणि कॅमेऱ्याची मोठी लेन्स घरी, ह्यावर आमच्यात अजून वाद चालूय. फोमचा हिशोब मात्र प्लानमधे चांगला दिलाय, एक घनफूट फोम साधारण 60 पौंड उचलून धरतो, तो कुठे किती भरायचा ते खणाखणाने. जानेवारीतल्या त्या पाण्यात बोट उलटली तर हाच फोम वाचवणार आणि अंगातलं लाइफ जॅकेट, तेव्हा हे पान नीट वाचा.

मटेरियलची यादी ठीकठाक आहे. ओकुमे लाकडाचा मरीन प्लाय, बीएस 1088 ह्या ब्रिटिश स्टँडर्डचा, सांगितलाय, बाजूंना 6 मिमी, बुडाला 9. भारतात कोणी करणार असेल तर आयएस 710 ह्या भारतीय स्टँडर्डचा शिक्का बघून घ्या, आणि कुठलाही घेतलात तरी एक तुकडा तासभर पाण्यात उकळून बघा, पापुद्रे सुटले तर दुकानदाराला परत. एपॉक्सीबद्दल प्लान फारच कमी बोलतो. गॅरेज थंड असेल तर ती सेट व्हायला रडवते, वरून मेणचट थर येतो तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात मारायचा नाही, आणि ग्लोव्हज न घालता काम केलंत तर एखाद्याला आयुष्यभराची ॲलर्जी होते. शेवटच्या रंगात बारीक वाळू मिसळायची, नाहीतर ओल्या पंजांखाली ती जमीन म्हणजे घसरगुंडी, हे पण मला दुसरीकडून कळलं.

घ्यायचा असेल तर कागदाचाच घ्या, पीडीएफ पंधरा डॉलरने स्वस्त आहे पण प्रिंटवाला फिट टू पेज दाबून मोकळा होतो आणि सगळे पडदे दोन-तीन सूत बारीक होतात. घेतलाच असेल पीडीएफ, तर प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात 12 इंचाची पट्टी छापलेली आहे, कापाकापी करायच्या आधी तिच्यावर टेप लावून बघा.