हौद्यातला बिछाना: पिकअपच्या टॉपरमध्ये चौदा महिने

आमच्याकडे टोयोटा टॅकोमाचा चार दारांचा, लांब हौद्याचा, म्हणजे मागे सामानासाठी लांब उघडा भाग असलेला, पिकअप आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या हौद्यावर आम्ही फायबरग्लासचे शेल, म्हणजे छत आणि खिडक्या असलेले कवच, बसवून घेतले. आम्ही राहतो त्या अमेरिकेतील कॉलोराडोमध्ये याला सर्रास ‘टॉपर’ म्हणतात, म्हणून पुढे मीही तोच शब्द वापरतो. त्यानंतरच्या १४ महिन्यांत मी आणि पत्नी मिळून ४१ रात्री त्यात झोपलो. त्यांतल्या बऱ्याचशा रात्री डोंगरातील राष्ट्रीय वनांत गेल्या आणि नऊ रात्री युटामधील मोआबच्या आसपासच्या सार्वजनिक जमिनीवर. खरेदीपूर्वी ज्या गोष्टींची मी काळजी केली होती त्यांनी फारसा त्रास दिला नाही, आणि ज्यांचा विचारही केला नव्हता त्यांनीच आतली सगळी रचना दोनदा बदलायला लावली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत मोठी चूक उंचीची झाली. आमच्या हौद्याची खोली सुमारे १९ इंच आहे आणि टॉपर कॅबच्या (पुढच्या बसण्याच्या भागाच्या) छताइतक्याच उंचीचा असल्यामुळे हौद्याच्या तळापासून आतल्या छतापर्यंत मोजपट्टी ३८ इंच दाखवते. मी मे महिन्यात हौशीने १४ इंच उंचीचा पलंग बांधला, त्याखाली दोन लांब खण केले, ते जड वजन पेलणाऱ्या सरकपट्ट्यांवर बसवले आणि वर चार इंची फोमची गादी टाकली. खण ओढले की भांडी, दोऱ्या, अवजारे असे सारे कसे हाताशी येत असे, आणि शेजारीपाजारी येऊन कौतुक करून जात. पण गादीच्या वर उरले अवघे २० इंच. तेवढ्या जागेत झोपता येते, कूस बदलता येते, मात्र कोपरावर रेलण्यापलीकडे उठता येत नाही; पायमोजे घालायचे तरी टेलगेट (हौद्याचे मागचे खाली पडणारे दार) उघडून बाहेर पाय सोडावे लागतात, आणि पाऊस असेल तर तेही जमत नाही.

जुलैमध्ये साताऱ्याहून आई आली होती. तिने आत वाकून पाहिले, यात्रेला जाताना बैलगाडीला तट्ट्या बांधून आम्ही असेच झोपायचो म्हणाली, आणि मग विचारले, “झोपायची सोय झाली रे, पण उठून बसायचे कुठे?” तीन महिने मी जे स्वतःपासून लपवत होतो ते तिने एका वाक्यात सांगितले. ऑगस्टमध्ये मी खण उपटून काढले.

नवीन पलंग चाकांच्या कमानींच्या, म्हणजे हौद्यात दोन्ही बाजूंनी आत आलेल्या चाकांवरच्या फुगवट्यांच्या, जेमतेम वर, म्हणजे दहा इंचांवर आहे. दोघांना झोपायचे असेल तर याहून खाली जाता येत नाही, कारण कमानींच्या मधली रुंदी साडेएकेचाळीस इंचच आहे आणि त्यांच्या वर हौदा सुमारे एक फुटाने रुंद होतो. एकट्या माणसाने मात्र पलंगाच्या भानगडीत न पडता सरळ तळावर गादी टाकावी असे माझे स्पष्ट मत आहे. आमचा पलंग अर्धा इंची प्लायवूडच्या तीन सुट्या फळ्यांचा आहे. टेलगेटकडची फळी उचलून पुढच्या दोन फळ्यांवर ठेवली की मागे दोन फुटांची मोकळी जागा होते, तिथे तळावर बसून पाय पलंगाखाली लांबवता येतात आणि तळापासून छतापर्यंत पूर्ण ३८ इंच मिळतात. पावसात अडकलेल्या एका दुपारी आम्ही दोघे तिथे आळीपाळीने बसून चहा प्यायलो. आधीच्या रचनेत हे अशक्यच होते.

खण गेल्यामुळे दुसरा फायदा वजनाचा झाला, आणि याविषयी लोक फार कमी बोलतात. चालकाच्या दाराच्या चौकटीवर गाडी किती वजन वाहू शकते याचा आकडा चिकटवलेला असतो. आमच्या गाडीवर तो १,०६५ पौंड आहे. त्यातून आमचे दोघांचे ३१०, टॉपरचे १९० आणि खणांच्या सांगाड्याचे १६० पौंड वजा केले की उरतात ४०५. त्यात फ्रिज, बॅटरी, दहा गॅलन पाणी (हेच सुमारे ८३ पौंड), शिधा, कपडे आणि जादा टायर बसवायचा. अंगण सोडण्याआधीच गाडीची मागची बाजू बसलेली दिसत असे. आता खणांच्या जागी झाकणाचे सहा प्लॅस्टिकचे डबे पलंगाखाली सरकवतो. दिसायला ते अगदीच साधे आहेत, पण उचलून सरळ मेजावर नेता येतात.

आता ओलाव्याबद्दल. थंडीला आम्ही घाबरत होतो, पण थंडीवर चांगली झोपपिशवी आणि गरम पाण्याची बाटली हा उपाय पुरतो. दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात जवळपास अर्धा लिटर पाणी बाहेर पडते, आणि एवढ्या लहान बंदिस्त जागेत ते काचांवर आणि गादीच्या खालच्या बाजूला जमते. ऑक्टोबरमध्ये कॉलोराडोतल्या लेडव्हिल गावाजवळ, दहा हजार फुटांच्या वर, थंडीपायी आम्ही सगळ्या खिडक्या लावून झोपलो आणि पहाटे उणे नऊ अंशांत छताच्या अस्तरावर बर्फाचा पातळ थर सापडला. सूर्य वर आल्यावर तो आमच्या पांघरुणावर ठिबकला. तेव्हापासून कितीही थंडी असली तरी दोन्ही बाजूंच्या सरकत्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवतो. फळ्यांना एकेक इंचाची छिद्रे पाडली आहेत आणि गादीखाली हवा खेळण्यासाठी जाळीदार चटई घातली आहे. सकाळी गादी उभी करून ठेवण्याचा नियम मात्र मोडला जातो आणि त्याचा वास दोन दिवसांनी येतो.

पण सगळाच ओलावा श्वासाचा नव्हता. कॅबच्या बाजूच्या उजव्या कोपऱ्यात आणि पायांशी गादी वारंवार ओली होत असे, आणि मी दोन महिने दोष आमच्या श्वासालाच देत राहिलो. इथे जुलै-ऑगस्टमधील दुपारच्या वादळी पावसालाही मान्सूनच म्हणतात. त्या पावसात गाडी रिकामी उभी असतानाही कोपरा भिजलेला दिसला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. संशयाच्या जागी कोरडे टिश्यू कागद चिकटवून पत्नीला वरून बागेच्या नळीने पाणी सोडायला सांगितले. दोन जागा सापडल्या. एक, हौद्याची कड आणि टॉपर यांच्यामधली फोमची पट्टी कोपऱ्यात नीट जोडलेली नव्हती. दुसरी, मागच्या काचेच्या वर असलेल्या तिसऱ्या ब्रेक-दिव्याचे रबर वाकडे बसले होते. ज्यांनी टॉपर बसवून दिला त्यांनी फोनवर “हे नेहमीचेच बाष्प आहे” असे सांगून बोळवण केली होती. शेवटी मीच दिवा काढून सीलंट लावले आणि पट्टी बदलली. शिवाय टॉपर हौद्याच्या कडांना ज्या शिकंज्यांनी धरलेला असतो ते, फोम दबल्यामुळे, काही शे मैलांनंतर सैल होतात आणि पुन्हा आवळावे लागतात. आमचे तर हाताने फिरत होते.

युटाच्या कच्च्या रस्त्यांवर धुळीचा अनुभव आला. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि टेलगेटच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. पहिल्या सहलीत उशांवर लाल थर बसला होता. टेलगेटच्या तिन्ही बाजूंना रबरी पट्टी लावल्यावर धूळ खूपच कमी झाली. पुढची खिडकी किंचित उघडी ठेवल्यास आतला दाब वाढून आणखी फरक पडतो, असे मला आढळले. तरी झोपपिशव्या आम्ही आता पिशवीत बांधूनच नेतो.

विजेबाबत तक्रार नाही. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, चालत्या इंजिनावरून २० अँपिअरने ती भरणारा चार्जर आणि १२ व्होल्टचा छोटा फ्रिज असा साधा संच आहे. उन्हाळ्यात फ्रिज दिवसाला २५ ते ३० अँपिअर-अवर घेतो, म्हणजे दोन दिवस गाडी न हलवता सहज निघतात. या जातीची बॅटरी शून्य अंशाखाली भरता येत नाही, हे वाचलेले असूनही त्या लेडव्हिलच्या सकाळी मी विसरलो. तीन तास गाडी चालवूनही काटा हलला नाही, तेव्हा मला चार्जर बिघडल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात बॅटरीतील संरक्षक मंडल आपले काम चोख करत होते. हिवाळ्यात बॅटरी आता कॅबमध्ये, मागच्या आसनाखाली असते.

स्वयंपाक टेलगेटवर, मागची काच वर करून होतो. आत शेगडी पेटवायची नाही हा नियम कार्बन मोनॉक्साइडमुळे आम्ही एकदाही मोडलेला नाही. दहा हजार फुटांच्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे वरण उघड्या पातेल्यात शिजतच नाही. दोन लिटरचा कुकर आमच्याबरोबर असतोच, आणि शिट्टी झाली की आजूबाजूच्या तंबूंतून माना वळतात.

आत-बाहेर करणे शेवटपर्यंत अवघडच राहिले. टेलगेटची कडी बाहेरच्या बाजूला असल्याने आतून काच उचलून, हात बाहेर घालून ती ओढावी लागते. मी तिला दोरीची मूठ जोडून आत घेतली आहे. तरीही रात्री लघवीला उठायचे म्हणजे दुसऱ्याला ओलांडून गुडघ्यांवर रांगत जायचे आणि थंडगार टेलगेटवरून खाली उतरायचे. माझे वय ५२ आहे आणि डावा गुडघा कुरकुरतो, म्हणून काचेकडची बाजू आता कायमची माझी.

टॉपर बसवण्यासह ३,५०० डॉलर लागले. आतल्या पहिल्या रचनेवर ९०० गेले, तर दुसरीवर लाकूड, गादी आणि डबे धरून २६० डॉलर. खणांच्या सरकपट्ट्या अजून गॅरेजमध्ये पडून आहेत. पत्नीला त्या स्वयंपाकघरात हव्या आहेत.