कोलारच्या सोन्याची पुस्तकं: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

केजीएफवरची, म्हणजे कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्स या सोन्याच्या खाणींवरची पुस्तकं घ्यावीत का, आणि घ्यायची तर आधी कुठलं, हा प्रश्न सिनेमा येऊन गेल्यापासून ओळखीतले बरेच जण विचारतात. मी गेले आठ-नऊ महिने चार तऱ्हेची पुस्तकं आलटून पालटून वापरतोय: जुनी गॅझेटिअरं आणि खाणकंपन्यांचे अहवाल, तिथे वाढलेल्या अँग्लो-इंडियन मंडळींच्या आठवणी, कामगारांवरचं अभ्यासू लेखन, आणि गावातल्याच हौशी लोकांनी काढलेली स्मरणिका छापाची पुस्तकं. बंगारपेटहून मारिकुप्पमला जाणाऱ्या गाडीत ती पिशवीत होती, रॉबर्टसनपेटच्या बाजारात ती उघडून मी पत्ते विचारलेत, आणि घरी एकातला आकडा दुसऱ्याशी ताडून पाहिलाय. मराठीत या विषयावर सलग असं काही माझ्या हाती लागलं नाही. जवळजवळ सगळं इंग्रजीत, थोडंफार कन्नड-तमिळमध्ये.

मत आधीच सांगून टाकतो. सोनं कसं निघालं हे ही पुस्तकं झकास सांगतात. ते काढलं कुणी, असं विचारलं की बहुतेक लेखक उठून साहेबांच्या क्लबात जाऊन बसतात.

सुरुवात सगळ्यांची एकच. टिपू पडल्यावर म्हैसूरची हद्द आखायला आलेला लेफ्टनंट जॉन वॉरन १८०२ मध्ये सोन्याच्या वावड्या ऐकतो, बक्षीस लावतो, गावकरी बैलगाडीतून माती आणून त्याच्यासमोर धुतात आणि तळाशी सोन्याचे कण दिसतात. मग १८७१ मध्ये मायकेल लॅव्हेल हा न्यूझीलंडच्या लढाया करून बंगळूर कँटोन्मेंटात येऊन राहिलेला आयरिश शिपाई वॉरनचा जुना लेख वाचून बैलगाडीने कोलार गाठतो. त्याला १८७५ मध्ये परवाना मिळतो, पण भांडवलाअभावी प्रकरण पुढे सरकत नाही, आणि १८८० पासून लंडनची जॉन टेलर अँड सन्स कंपनी सूत्रं हातात घेते. हे कोणत्याही एका पुस्तकात वाचा आणि बाकीच्यांची पहिली वीसेक पानं सोडून द्या. काहींनी तर एकमेकांची वाक्यंही तशीच उचलली आहेत. मला खटकलं ते इतकंच, की वॉरनला माती आणून दाखवणारे गावकरी पिढ्यान्‌पिढ्या सोन्यासाठी तिथल्या विवरांत उतरत होते, हे त्याच पानावर लिहिलेलं असतं. तरी प्रकरणाचं नाव ‘सोन्याचा शोध’, आणि शोधाचा मान साहेबाला.

बेंजामिन लुईस राइस यांचं म्हैसूर गॅझेटिअर सगळ्यांत रुक्ष आणि मला सगळ्यांत जास्त कामी आलेलं. १८९७ ची सुधारित आवृत्ती घ्या, कारण पहिली निघाली तेव्हा खाणी धड सुरूही झाल्या नव्हत्या. कोलार हा शहाजीराजांच्या जहागिरीतला मुलूख, त्यामुळे आपल्याकडचा वाचक आधी तीच पानं उघडणार, मीही उघडली. खाणींच्या भागात मात्र दोन गोष्टींची तयारी ठेवा. एक, सूचीत आजची नावं सापडणार नाहीत. बंगारपेट हवं असेल तर बाउरिंगपेट शोधावं लागतं, आणि ऊरगाम या खाणींच्या वस्तीचं स्पेलिंग दर पुस्तकात वेगळं. दोन, मापं. सगळा हिशेब ट्रॉय औंसात आणि पेनीवेटात. एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, आणि त्याचा विसावा भाग पेनीवेट. मी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलंय: एक औंस म्हणजे पावणेतीन तोळ्यांना जरा कमी. एकदा तोळ्यात बोलायला लागलं की अहवाल एकदम जिवंत होतात. सुरुवातीच्या काळात टनभर दगडात औंसाहून जास्त सोनं निघे. शेवटी शेवटी ते तीन-चार ग्रॅमवर आलं, म्हणजे एक तोळ्यासाठी तीन टन दगड तीन-तीन किलोमीटर खालून वर आणायचा, फोडायचा, दळायचा. खाण बंद का पडली यावर पानंच्या पानं खर्ची घालणाऱ्यांनी हे एवढंच गणित मांडलं असतं तरी पुष्कळ होतं.

यंत्रांबद्दल कंपनीच्या कागदांना तोड नाही. कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून सुमारे १४८ किलोमीटर तारा ओढून १९०२ च्या जूनमध्ये खाणींना वीज दिली, ती कथा मी दोन-तीनदा वाचली. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले १९०५ मध्ये, म्हणजे राजधानीच्या आधी खाणीला. पण त्या तारा मजुरांच्या चाळीपर्यंत गेल्या की नाहीत, हे अहवाल विचारत नाहीत. चँपियन रीफ या खाणीच्या तळाला दगडाचं तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर, वरून दाब इतका की खडक अचानक फुटतो. त्याला तिथे ‘रॉक बर्स्ट’ म्हणतात. अहवालात त्याची नोंद ‘उत्पादनात खंड’ अशी. कितीजण आत होते ते मागच्या तक्त्यात, बारीक टाइपात. हे अहवाल घेतलेत तर मागून पुढे वाचा.

आठवणींची पुस्तकं वाचायला मजा येते, खोटं कशाला बोलू. नाताळचे केक आणि कलकल नावाचा तळलेला गोड पदार्थ, क्लबातले नाच, गोल्फ, इंग्लंडसारखी बंगल्यांची रांग. गावात फिरताना यांचा खरा उपयोग होतो, कारण फाइव्ह लाइट्सचा चौक कुठे आणि तिथून कुठली वाट कुठे जाते हे या लेखकांना पाठ असतं. माझी प्रत याच कामाने खिळखिळी झालीय. पण यांतला तमिळ माणूस स्वयंपाकघरापलीकडे क्वचितच जातो. आया, बटलर, माळी. मग थेट खाण बंद पडल्याचं दुःख. मधली शंभर वर्षं खाली कोण होतं?

याचं उत्तर जानकी नायर यांच्या १९९८ च्या ‘मायनर्स अँड मिलहँड्स’मध्ये आहे. संस्थानी म्हैसूरमधल्या खाणकामगारांवर आणि गिरणीकामगारांवरचं हे पुस्तक. अभ्यासकी इंग्रजी आहे, झोपताना वाचायचं नव्हे, आणि मला एकेक प्रकरण पुन्हा वाचावं लागलं. पण बोटांचे ठसे घेण्याच्या सक्तीवरून १९३० मध्ये झालेला संप कळायचा असेल तर दुसरीकडे जाऊ नका. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला यातलं पुष्कळ ओळखीचं वाटेल.

तमिळ मुलखातल्या उत्तर अर्काट भागातून आलेले हे कामगार मोठ्या संख्येने दलित होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी मारिकुप्पम आणि चँपियन रीफ इथे अयोतीदास पंडित या तमिळ दलित विचारवंताच्या शाक्य बौद्ध संघाच्या शाखा काढल्या होत्या. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी, पाताळात काम करून वर आलेली माणसं बुद्ध वाचत होती. पुढे इथल्याच मतदारसंघातून रिपब्लिकन पक्षाचे आमदारही निवडून आले. हे सगळं मला सापडलं ते अयोतीदासांवरच्या लेखनात. स्थानिक इतिहास म्हणून विकल्या जाणाऱ्या माझ्याकडच्या जाडजूड पुस्तकांत यावर एक परिच्छेदही नाही, क्रिकेट सामन्यांवर मात्र अख्खं प्रकरण आहे.

सिलिकोसिसचंही तेच. १९४० ते १९४६ या काळात साडेसात हजारांहून जास्त खाणकामगार तपासले गेले आणि त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना दगडाच्या धुळीचा हा फुप्फुसाचा रोग निघाला. आकडा वैद्यकीय लेखांत आहे, तिथून उचलून समासात लिहावा लागतो.

स्मरणिका छापाच्या पुस्तकांना मी नावं ठेवणार होतो, पण त्यांतले फोटो दुसरीकडे मिळत नाहीत. मजकूर जत्रेच्या पत्रिकेसारखा: सत्कार, शुभेच्छा, मान्यवर. तरी एका कोपऱ्यात चँपियन रीफमधला न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांचा प्रयोग सापडतो. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठांबरोबर जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल उपकरणं मांडली आणि १९६५ मध्ये वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. जगात अशा पहिल्या नोंदी दोनच, दुसरी दक्षिण आफ्रिकेतली. तीही सोन्याच्याच खाणीत. यावर गावपुस्तकात चार ओळी आणि पाहुण्या शास्त्रज्ञांचा ग्रुप फोटो!

अद्ययावतपणाची अपेक्षा ठेवू नका. बहुतेकांचा शेवट २८ फेब्रुवारी २००१ ला, भारत गोल्ड माइन्स ही सरकारी खाणकंपनी बंद झाली तिथे. सव्वाशे वर्षांत सुमारे ८०० टन सोनं निघालं, हे वाक्य लिहून लेखक मोकळे होतात. सायनाइडने सोनं काढून घेतल्यावर मागे उरलेले मातीचे तेरा ढीग, तीन कोटी टनांहून जास्त, वाऱ्याच्या दिवसांत घराघरांत धूळ नेतात. २०२४ मध्ये या ढिगांतून पुन्हा सोनं काढायच्या प्रस्तावाला कर्नाटक मंत्रिमंडळाने होकार दिला. रोज पहाटेच्या गाडीने हजारो माणसं बंगळूरला कामाला जातात. हे आताच्या वर्तमानपत्रांत वाचायचं.

विकत घेताना जुन्या पुस्तकांच्या मागणीनुसार छापून देणाऱ्या आवृत्त्यांपासून जपा. एकीतले घडीचे नकाशे घडी न उघडताच स्कॅन केलेले निघाले. खाणीचा उभा छेद अर्धाच, नेमका वरचा भाग. बाइंडिंग दोन महिन्यांत सुटलं ते वेगळं. गॅझेटिअर इंटरनेटवर फुकट आहे, त्यावर पैसे घालवू नका. जायचं ठरलं असेल तर आठवणींचं एखादं पातळ पुस्तक बरोबर न्या. घरीच वाचणार असाल तर नायरबाईंपासून सुरुवात करा, आणि क्लबाची वर्णनं मग चवीपुरती.