फिरतं तारांगण : ३० रुपये वसूल

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दारव्ह्याकडच्या आमच्या गावात हा फुगवायचा तंबू आला. आत जाम उकाडा. मधेच लाइन गेली अन् तंबू डोक्यावर बसला. चित्रफीत ठीकठाक. पण समजावणाऱ्या पोरानं सायकलच्या ट्यूबची पट्टी घेतली, खडूनं ठिपके मारले अन् दुप्पट ताणली. १ इंचावरचा ठिपका २ वर, ३ वरचा थेट ६ वर! ठिपके म्हणजे दीर्घिका, ताऱ्यांचे प्रचंड समूह. विश्वातही तशी मधली जागाच ताणते, म्हणून जितकी दीर्घिका लांब, तितकी वेगानं दूर जाते. हबल नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं हे १९२९ मध्ये मांडलं म्हणे.

मी विचारलं, "मंग आमचं वावर बी वाढते का गा?"

"वावर सोडा काका, अख्खी आकाशगंगा गुरुत्वाकर्षणानं बांधलेली आहे. देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडंच येते."

नातवानं घरी माझी चांगली ट्यूब कापली.